अंतुले खटला

अंतुले खटला : महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले (१९२९–२०१४) यांच्यावर देणग्यांच्या प्रकरणी चाललेला फौजदारी खटला. आंबेत (ता. म्हसळा) हे त्यांचे गाव. पेण, रोहा आदी तालुक्यांचा जो जिल्हा सरकारी दप्तरात कुलाबा या नावाने नोंदला जाई, त्यास रायगड हे नाव त्यांच्याच अमदानीत, १९८१ साली मिळाले.

सिमेंट तेव्हा नियंत्रित माल होता आणि त्याचे वाटप शासनाच्या मर्जीवर अवलंबून असे. हे सिमेंट मुंबईच्या बांधकाम व्यावसायिकांना देताना इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानादी न्यासांसाठी देणग्या घेतल्या गेल्या, असा आरोप १९८१ च्या ऑगस्टअखेर वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाला. वाटप व देणगी यांचा परस्परसंबंध मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये मान्य केला, तेव्हा अंतुले पदावरून पायउतार झाले.

राजीनाम्याने राजकीय जबाबदारी फिटली. फौजदारी जबाबदारीचा प्रश्न मात्र तेथून पुढे खऱ्या अर्थाने उभा राहिला. भाजपचे रामदास नायक यांच्या फिर्यादीवर, राज्यपालांची मंजुरी मिळूनही, आमदारावरील खटल्यास आणखी मंजुरी हवी, या कारणाने विशेष न्यायाधीशांनी १९८३ साली आरोपीस मुक्त केले. त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १६ फेब्रुवारी १९८४ रोजी आमदार हा भारतीय दंडसंहितेच्या अर्थाने लोकसेवक नव्हे, सबब अशी मंजुरी अनावश्यक आहे, असे ठरवले आणि शीघ्र निकालाच्या हेतूने खटला उच्च न्यायालयाकडे वर्ग केला. तेथे सत्तावन्न साक्षीदारांच्या जबान्या झाल्या. परंतु असे खटले विशेष न्यायाधीशांनीच चालवावेत असा १९५२ च्या कायद्याचा दंडक असल्याने, न्यायालयाच्या चुकीचा भुर्दंड कोणत्याही पक्षकारावर पडू नये या तत्त्वास अनुसरून, सात न्यायमूर्तींच्या पीठाने २९ एप्रिल १९८८ रोजी बहुमताने खटला वर्ग करण्याचा तो आदेश रद्दबातल ठरवला. स्वतःची चूक जाहीरपणे दुरुस्त करणारे न्यायालय आदरास पात्र आहे. तथापि त्या दुरुस्तीपायी गेलेली चार वर्षे ना फिर्यादीला परत मिळाली ना आरोपीला, आणि सत्य काय हे जाणण्याचा जनतेचा हक्क तेवढाच लांबणीवर पडला. शीघ्र न्यायाच्या अधिकाराविषयीची मार्गदर्शक तत्त्वेही पुढे १९९१ च्या डिसेंबरात याच प्रकरणातून निघाली.

दरम्यान कुलाबा मतदारसंघाने अंतुले यांना १९८९ साली लोकसभेवर पाठवले, आणि पुढेही अनेकदा निवडून दिले. मतदारांचा कौल हा गुन्ह्याचा निवाडा नव्हे, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. दोन वर्षे वा अधिक कारावासाची शिक्षा झालेल्या लोकप्रतिनिधीस अपिलाच्या आडोशाने पदावर राहण्याची जी सवलत १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात होती, ती सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ रोजी घटनाबाह्य ठरवली. अंतुले यांना मात्र या प्रकरणात कोणतीही शिक्षा झाली नाही.