वाळवी, धूर आणि आजीचे डोळे

इतिहास तलवारीने घडतो, असे शाळेत शिकवतात. तो मोडतो कशाने, हे मात्र कुणी सांगत नाही. माझ्या मते निम्मा तरी वाळवीने. दप्तरे तिने खाल्ली, वाडे तिने खाल्ले, आणि वर 'पांढरी मुंगी' असे सोज्वळ नावही पटकावले. खरी भाऊबंदकी विचाराल, तर तिची झुरळाशी!

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ज्यांना परवडले, त्यांनी हे भांडणच ठेवले नाही. लोणारचे दैत्यसूदनाचे मंदिर दगडाचे. सिंदखेडराजाला १५९८ साली जिजाऊ जन्मल्या. तिथला लखुजीराव जाधवांच्या वाड्याचा दरवाजा अजून छाती काढून उभा आहे. दगडाला वाळवी विचारत नाही.

आम्हा रयतेची घरे धाब्याची. लाकडाच्या तुळया, त्यांवर फळ्या-काटक्या, मग पाला आणि डोक्यावर मातीचा थर. म्हणजे वाळवीला घरपोच पंगत! तरी ही घरे पिढ्यान्‌पिढ्या टिकली. कारण धाब्याला एक भोक असे. त्यातून उजेड खाली यायचा आणि चुलीचा धूर वर जायचा. जाता जाता तुळयांना काजळी फासायचा, ओल सुकवायचा. वाळवीचे सारे ओलीवर चालते. ती मातीचे बोगदे बांधत चढते, तेही अंगातली ओल राखायलाच. लाकूड कोरडे राहिले की बुरशीही धरत नाही.

व्यवस्थेत खोट एकच. तुळई टिकायची आणि आजीचे डोळे जायचे. फुंकणी हातात, पदर डोळ्यांना. घराच्या आयुष्याचा हप्ता तिने भरला, आणि मी कौतुक करत बसलो सागाचे!

मग गॅस आला. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने तो खेड्यापाड्यांत पोचला. फार बरे झाले. पण धूर गेला म्हणून आम्ही भोकही बुजवले! वर पत्रे ठोकले, माळ्यावर मोडका पाळणा नि जुनी रद्दी कोंबली, आणि पावसाळ्याची ओल आत कोंडून घेतली. अहो, जायला हवा होता धूर. वाऱ्याने काय घोडे मारले होते?

तेव्हा आधी गळती बुजवा. मग वळचणीशी एक आणि आढ्याजवळ एक, असे जाळीचे झरोके ठेवा. दमट गरम हवा वरून निघते, ताजी खालून शिरते. भिंतीवर मातीची नळी दिसली, तर मात्र नुसत्या वाऱ्यावर विसंबू नका. पायाशी औषध घालावेच लागते.

दगडी वाड्याची ऐपत सगळ्यांची नसते. भोकाची असते.