भुजबळ, छगन चंद्रकांत

(१५ ऑक्टोबर १९४७ – ). महाराष्ट्रातील राजकीय नेते, मुंबईचे दोन वेळा महापौर आणि राज्याचे माजी उपमुख्यमंत्री. जन्म नाशिक येथे, माळी कुटुंबात. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने नात्यातल्या मावशीने त्यांना मुंबईत वाढवले. भायखळ्याच्या भाजी मंडईत हे कुटुंब भाजी विकत असे आणि भुजबळही त्या धंद्यात उतरले. भुजबळांनी माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून यंत्र अभियांत्रिकीची पदविकाही घेतली. त्यांच्याविषयी बोलताना भाजीचा गाळा सर्वांना आठवतो, पदविका कुणालाच नाही.

साठच्या दशकात ते शिवसेनेत आले. १९७३ साली मुंबई महापालिकेत नगरसेवक झाले आणि सभागृहात आक्रमक वक्ता म्हणून गाजले. १९८५ च्या विधानसभा निवडणुकीत माझगावमधून निवडून आलेले ते सेनेचे एकमेव आमदार. त्याच वर्षी सेनेने महापालिका जिंकली आणि महापौरपद त्यांच्याकडे आले.

या पदाची मर्यादा लक्षात घ्यायला हवी. १८८८ च्या कायद्याने मुंबईचा कारभार आयुक्ताच्या हाती दिला आहे. महापौर सभा चालवतो, पाहुण्यांचे स्वागत करतो; तिजोरीची किल्ली त्याच्याकडे नसते. त्या काळी मुदतही वर्षभराचीच होती. भुजबळांनी या शोभेच्या खुर्चीचे व्यासपीठ केले. ‘सुंदर मुंबई, मराठी मुंबई’ ही त्यांची घोषणा शहराच्या स्वच्छतेइतकीच पक्षाच्या राजकारणाचीही होती. १९८६ मध्ये महाराष्ट्र–कर्नाटक सीमाप्रश्नाच्या आंदोलनात ते वेषांतर करून बेळगावात शिरले, पकडले गेले आणि तुरुंगात राहिले. महाराष्ट्रभर नाव झाले ते या प्रसंगाने. १९९१ साली ते दुसऱ्यांदा महापौर होते. मात्र वर्ष संपायच्या आत त्यांनी सेना सोडली. ओबीसी आरक्षणाची शिफारस करणाऱ्या मंडल आयोगाचा प्रश्न आणि विरोधी पक्षनेतेपद हुकल्याची खंत, दोन्ही कारणे त्यामागे होती. पहिल्याला तत्त्व आणि दुसऱ्याला महत्त्वाकांक्षा म्हणण्याची सोय असली, तरी त्यांच्या बाबतीत ही दोन वेगळी काढणे कठीण आहे.

१९९२ साली त्यांनी अखिल भारतीय महात्मा फुले समता परिषद स्थापन केली. १९९५ मध्ये माझगावला बाळा नांदगावकर यांनी त्यांचा पराभव केला. राष्ट्रवादी काँग्रेसच्या स्थापनेनंतर ते तिचे पहिले प्रदेशाध्यक्ष झाले. १९९९–२००३ आणि २००८–१० या काळात उपमुख्यमंत्री होते. २००४ पासून ते येवल्याचे आमदार आहेत. मार्च २०१६ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने त्यांना अटक केली, मे २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. महाराष्ट्र सदन बांधकामाच्या लाचलुचपत प्रकरणातून विशेष न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांना दोषमुक्त केले.

मराठा आरक्षणाच्या आंदोलनकाळात ओबीसींची बाजू मांडण्यासाठी त्यांनी मराठवाड्यात सभा घेतल्या. अंबड येथील सभेनंतरची मोठी सभा २६ नोव्हेंबर २०२३ रोजी हिंगोलीत झाली. मे २०२५ मध्ये त्यांचा पुन्हा मंत्रिमंडळात समावेश झाला; त्यांना अन्न व नागरी पुरवठा खाते मिळाले.