दुष्काळातला शेजारधर्म

श्रोतेहो, शेजाऱ्यावर प्रेम करावे ही ख्रिस्ती धर्मातली एक मुख्य शिकवण. पण शेजारी म्हणावे कोणाला? भिंतीला भिंत लागून राहतो तेवढाच का? ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातल्या केडगावी, पंडिता रमाबाईंनी आपल्या रोजच्या जगण्यातून दिले. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत, आणि त्यांचे कुटुंबही बरोबर. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. थोड्याच महिन्यांत वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे गेली. उरलेली दोघे भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. झेलम नदीच्या काठी, अंगावर पुरते पांघरूण नाही म्हणून, वाळूत खड्डे खणून त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या. भूक म्हणजे काय हे ह्या बाईंना कोणी सांगावे लागले नाही.

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटले. १८८२ साली वैधव्य आले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि १८८९ साली मुंबईस विधवांसाठी शारदा सदन काढले. ते पुढल्याच वर्षी पुण्यास आले. सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात ह्यावरून पुण्यात मोठा वाद झाला आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. इतिहास सांगताना हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. मात्र वाद ऐकला, तसे त्यानंतरचे कामही पाहिले पाहिजे.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वर्गणी पाठवूनही भागले असते. पण रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. होता होता ही संख्या तीनशेच्या घरात गेली. तेवढ्यात १८९७ साली पुण्यात प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवणे शक्य होईना. केडगावास फळबागेसाठी घेतलेली जमीन होती. तिथेच मुलींची सोय केली. तेच पुढे ‘मुक्ती’ झाले.

बंधुभगिनींनो, दुष्काळातून मूल उचलून आणणे हे एका दिवसाचे धैर्य. पण दुसऱ्या दिवशी दळण हवे, तिसऱ्या दिवशी औषध हवे. खंगलेली, आजारी, कोणावर विश्वास न ठेवणारी पोर माणसात यायला महिने लागतात. खरी कसोटी इथे असते. रमाबाईंनी मुलींना नुसते बसवून खाऊ घातले नाही. शेती, गुरे, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे शिकवली. आंधळ्या मुलींना त्यांची कन्या मनोरमाबाई बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवीत. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ निघाले. १८९९-१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा मुक्तीतल्याच कार्यकर्त्या बायका तिकडे जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्या काळात मुक्तीत सुमारे दोन हजार जणी राहत होत्या.

ह्या सगळ्या धबडग्यात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला व बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. खेड्यातल्या साध्या बाईला कळावे अशी भाषा त्यांना हवी होती. संस्कृतात पंडिता म्हणून गाजलेल्या बाईंनी पांडित्य बाजूला ठेवावे, हाही एक त्यागच नव्हे काय? छपाईचे कामही मुक्तीतल्या स्त्रियांनीच केले.

१९२१ च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. एकुलती एक मुलगी, आणि कामाची वारसही तीच. त्यानंतरही रमाबाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावीच त्यांचा अंत झाला. बायबलचे भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. मुक्तीचे काम आजही चालू आहे.

शिक्षक बंधूंनी ही हकीकत मुलांना जरूर सांगावी. सांगताना रमाबाईंच्या पदव्यांपाशीच थांबू नये. झेलमच्या वाळूतला तो खड्डा आणि केडगावातले ते रोजचे दळण, ही दोन्ही सांगावीत. आपण स्वतः सोसलेले दुःख दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून माणूस काय काय करू शकतो, हे मुलांना त्यावरून आपोआप उमगेल.