गंगाराम सुर्व्यांचे दहा रुपये

कवी नारायण सुर्वे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना शाळेच्या पुस्तकामुळे माहीत असतील. आज आम्ही बोलणार आहोत त्यांच्या वडिलांबद्दल.

गंगाराम सुर्वे हे मूळचे कोकणातले, मुंबईच्या इंडिया वुलन मिलमध्ये स्पिनिंग खात्यात कामाला. 1926 साली चिंचपोकळीला गिरणीजवळच्या रस्त्यावर त्यांना एक तान्हं बाळ सापडलं. जात, कूळ, आईबाप, काहीच माहीत नाही. त्यांनी ते घरी आणलं आणि काशीबाईंनी पदरात घेतलं. काशीबाईही गिरणीत जायच्या. म्हणजे पाळी सांभाळून, चूल सांभाळून वर हे मूल. त्याला त्यांनी आपलं नाव दिलं, मुन्सिपालटीच्या शाळेत घातलं, चौथीपर्यंत शिकवलं.

मग 1936च्या सुमारास गंगाराम निवृत्त झाले आणि दोघं कोकणात गावी निघाले. नारायण दहा-बारा वर्षांचा. त्याच्या हातावर दहा रुपये ठेवले आणि त्याला मुंबईतच सोडलं.

इथे आमच्या गटात चांगलाच वाद झाला. एकीचं म्हणणं, पोटचा असता तर सोडला असता का? दुसरी म्हणाली, गावी नेऊन खायला काय घालणार होते?

तेव्हाचा काळ बघा. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा 1952 सालचा, ग्रॅच्युइटीचा 1972 सालचा. त्याआधी आयुष्यभर साच्यावर उभं राहिलेल्या कामगाराला म्हातारपणी कायद्याने हक्काचं असं काही नव्हतं. पगार थांबला की खोलीचं भाडं थांबत नाही. त्यामुळे चाकरमानी शेवटी गावी परतायचा. तिथे घर आणि जमिनीचा तुकडा कोणी राखलेला असायचा? बहुतेक घरांत मागे राहिलेल्या बायकांनीच. कामगाराची पेन्शन म्हणायची तर हीच. पण ती बाईची कमाई कुठल्या वहीत चढली नाही.

एवढं कळूनही, मुलाला मागे ठेवणं आम्हाला पटत नाही. मात्र ज्याने रस्त्यावरचं मूल उचलून दहा वर्षं वाढवलं, त्याला निर्दयी म्हणायलाही जीभ रेटत नाही.

नारायणने पुढे घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणी कामगार अशी मिळतील ती कामं केली. शाळेत शिपाई झाले, नोकरी करता करता सातवी झाले, मग महापालिकेच्याच शाळेत मास्तर. 1962 साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला कवितासंग्रह आला, 1998 साली पद्मश्री मिळाली. 16 ऑगस्ट 2010 रोजी आपल्या ठाण्यातच ते गेले. नाव शेवटपर्यंत तेच, नारायण गंगाराम सुर्वे.

त्यांच्या पत्नी कृष्णाबाईंचं ‘मास्तरांची सावली’ हे आत्मकथन आहे. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की त्यातली काही पानं मोठ्याने वाचायची, असं आमच्या गटाचं ठरलं आहे.