स्वस्तातली सायकल : एक घरगुती हिशोब

गेल्या दिवाळीत माझा भाचा जर्मनीहून गावी आला. येताना माझ्यासाठी त्याने सायकलीवर घालायचे एक पिवळे जाकीट आणि पुढच्या-मागच्या दिव्यांचा जोड आणला. "मामा, लई भारी नाही बरं का. किराणा दुकानातून घेतलंय," असे तो ओशाळून म्हणाला. मला त्या जाकिटापेक्षा त्याच्या या वाक्यातच अधिक रस वाटला. किराणा दुकानात सायकलीचे कपडे कसे मिळतात?

मग त्याने सांगितले. तिकडे आल्डी, लिडल अशी स्वस्त मालाची दुकाने आहेत. आल्डीचे मूळ एसेन शहरातल्या 1913 सालच्या एका लहानशा दुकानात आहे. ते आल्ब्रेख्त कुटुंबाचे. पुढे दोन मुलांनी ते वाढवले आणि 1962 पासून आल्डी हे नाव चालू झाले. लिडलचे पहिले असे दुकान 1973 चे, लुडविग्सहाफेनचे. थोडेच जिन्नस ठेवायचे, खोकी फोडून तशीच मांडायची, नोकर कमी ठेवायचे, म्हणजे भाव उतरतो. मात्र मधल्या रांगेतला माल दर आठवड्याला बदलतो. वसंत ऋतू आला की तिथे सायकलस्वारांच्या गादीवाल्या चड्ड्या, हातमोजे, शिरस्त्राणे, पंप, दिवे येतात. संपले की संपले, पुन्हा पुढच्या वर्षी. चांगल्या पगाराचे लोकही सकाळी लवकर जाऊन उभे राहतात म्हणे.

जाकीट उलटे करून पाहिले तर आतल्या पट्टीवर बांगलादेशचे नाव होते आणि दिव्याच्या खोक्यावर चीनचे.

मी एका पतसंस्थेत कारकुनी करून उरलेल्या वेळात आमच्या जिल्ह्यातल्या साध्यासुध्या वस्तूंचा माग काढत असतो. कंदील, शिवणयंत्र, पिठाची गिरणी, स्टोव्ह. सायकल मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण तिच्यात आमच्या घरातली एक गोष्ट अडकलेली आहे. भाच्याच्या जाकिटाने ती वर काढली.

आमचे गाव आष्टी तालुक्यातले. हा तालुका नकाशावर पाहिला तर बीड जिल्ह्याची एक जीभ नगर जिल्ह्यात शिरल्यासारखी दिसते. 1948 पर्यंत ही जीभ निजामाची होती आणि पलीकडचे नगर इंग्रजांचे. सायकली विलायतेहून मुंबईला उतरत. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची बी.एस.ए. आणि हर्क्युलिस. 1930 नंतरच्या दशकात जपानी सायकली आल्या, त्या विलायतीपेक्षा पुष्कळ स्वस्त. आमच्या भागातल्या माणसाला त्यातली कोणतीही हवी असेल तर नगरची बाजारपेठ जवळची होती आणि तिथेच खरी अडचण होती. निजामाच्या राज्यात बाहेरून येणाऱ्या मालावर शेकडा पाच जकात होती. ती वसूल करणाऱ्या खात्याचे नाव करोडगिरी. शिवाय चलन वेगळे. आपला हाली रुपया, त्यांचा कलदार. सहा कलदारांना सात हाली मोजावे लागत. म्हणजे नगरच्या दुकानातला भाव आष्टीत येईपर्यंत आपोआप चढत असे.

माझे आजोबा दुसरी लढाई संपल्यावर नगरला गेले आणि छावणीतून बाहेर पडलेली एक जुनी सायकल घेऊन आले. नाका टाळायला तिचे दोन्ही चाक काढून, सांगाडा कडब्याच्या पेंढ्यांत बांधून, बैलगाडीतून आणल्याची कथा ते रंगवून सांगत. कथेतला कडबा दर खेपेला वाढत असे, पण सायकल खरी होती, तिचा हिरवा लष्करी रंग मी लहानपणी नखाने खरवडलेला आहे. सायकलीचा 'स्वस्त माल' आमच्या घरात पहिल्यांदा आला तो असा : वापरलेला, सुटा केलेला आणि जकात चुकवून आणलेला.

नंतरचा इतिहास वाचकांना बराचसा ठाऊक असेल. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना लढाईच्या तोंडावरच निघाला होता. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टी.आय. सायकल्स, सोनीपतला अ‍ॅटलस असे कारखाने उभे राहिले. कमालियाहून, म्हणजे आजच्या पाकिस्तानातून, आलेले मुंजाल बंधू आधी सुट्या भागांचा व्यापार करत होते. 1956 मध्ये त्यांनी लुधियानात हीरोची पूर्ण सायकल बांधायला घेतली आणि 1986 मध्ये सर्वांत मोठा सायकल कारखाना म्हणून हीरोची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच 1956 च्या 1 नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. नगर आणि आष्टी एका राज्यात आले.

पण मला महत्त्वाची वाटते ती एक वेगळीच बाब, आणि ती कुठल्या कंपनीच्या जाहिरातीत सापडत नाही. या सगळ्या कारखान्यांची साधी काळी सायकल जवळपास एकाच मापाची होती. टायर 28 बाय दीड. हीरोचे चाक अ‍ॅटलसच्या चिमट्यात बसे, अ‍ॅव्हनचे पायडल रॅलेच्या क्रँकला लागे. लुधियानाच्या गल्ल्यांतले छोटे कारखाने एकेक भाग बनवत, कोणी फक्त पायडल, कोणी फक्त घंटी. त्यामुळे कड्याच्या किंवा आष्टीच्या सायकल मार्टवाल्याला दहा प्रकारचा माल भरावा लागत नसे. एक पेटी छर्रे, एक पेटी आरे, थोड्या कटोऱ्या, सोल्युशनच्या ट्यूबा आणि चाकाचा आऊट काढायची किल्ली एवढ्यावर त्याचे दुकान चाले. सायकल स्वस्त पडत होती ती यामुळे. विकत घेताना ती मुळीच स्वस्त नव्हती. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. त्यांची सायकल दोन पगारांच्या घरात गेली आणि तेही हप्त्याने. पण एकदा घेतल्यावर तीस वर्षे ती तुकड्या-तुकड्याने बदलत राहिली. शेवटी मूळचा फक्त सांगाडा उरला होता.

कपड्यांचा आणि साजाचा हिशोब असाच तुकड्यांचा. खास सायकलीचे कपडे असतात हेच कोणाला माहीत नव्हते. धोतराचा सोगा साखळीत जाऊ नये म्हणून चेनकव्हर घ्यायचे, आणि ते परवडत नसेल तर सोगा कमरेला खोचायचा. अण्णांनी टेरीकॉटची पँट शिवली तेव्हा पोटरीला अडकवायची पोलादी क्लिप घेतली. ती नसली की सुतळी. उन्हाला टोपी किंवा उपरणे, पावसाला खताच्या पोत्याची घोंगशी. खताच्या पोत्याच्या आतला प्लास्टिकचा थर काढून त्याची जी खोळ होते, तिच्याइतके पाणी अडवणारे वस्त्र मी अजून पाहिलेले नाही, भाच्याचे जाकीट धरून. हौस मात्र होती. आठवडी बाजारात ताडपत्री अंथरून एकजण बसायचा. त्याच्याकडे गोंडेवाली सीटकव्हरे, हबभोवती फिरणारे रंगीत ब्रशाचे कडे, आऱ्यांत ओवायचे मणी, मडगार्डचा रबरी पट्टा, रेडिअमचे बदाम असत. हेच आमचे मधल्या रांगेतले दुकान. यायचे आठवड्यातून एकदाच आणि संध्याकाळी उठून जायचे. डायनॅमो मात्र तिथे मिळत नसे. तो चढवला की पायडल जड होई, म्हणून असलेलेही लोक तो टायरपासून दूरच ठेवत आणि अंधारात तोंडाने आवाज देत जात.

आणखी एक वाट होती, जिच्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. आमच्या तालुक्यातली माणसे दसरा-दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिमेकडे जातात. हंगाम सरला की ट्रकमधून परततात. लहानपणी त्या ट्रकांच्या फाळक्याला उलट्या टांगलेल्या सायकली मी मोजायचो. साखर कारखान्यांच्या गावांत बाजारपेठ मोठी, सहकारी ग्राहक भांडारे होती, जुन्या सायकली बदलून नव्या घेणारे बागायतदार होते. त्यांनी टाकलेली सायकल कोयत्याच्या हिशोबातून उरलेल्या पैशांत येई. उचल फिटलीच नसेल तर येत नसे. ट्रकला किती सायकली टांगल्या आहेत यावरून त्या वर्षी टोळीचे कसे गेले ते चुलते न विचारता सांगत.

आता ती घरची गोष्ट.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल चार किलोमीटरवर. अक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. ती 1982 मध्ये सातवी झाली, वर्गात पहिली. घरात सायकल एकच, आणि अण्णांची शाळा उलट्या दिशेला. तिला चालत पाठवायला आई तयार नव्हती, सोबतीला दुसरी मुलगी नव्हती. अण्णांनी जुनी सायकल पाहिलीही, कड्याच्या मार्टमध्ये. पण ती नळीची होती, म्हणजे पुरुषी. लेडीज सायकल जुन्या मालात कधी येतच नसे, कारण आधी कोणी नवीच घेतलेली नसे. जुन्या बाजाराचा हा नियम मला फार उशिरा कळला : जी वस्तू श्रीमंताघरी वापरली गेली नाही ती गरिबाला स्वस्तात मिळत नाही. परकर घालून नळीवरून पाय कसा टाकणार, लोक काय म्हणतील, यावर घरात चार दिवस बोलणे झाले आणि पाचव्या दिवशी थांबले. अक्का घरी बसली. दोन वर्षांनी मी सातवी झालो तेव्हा तीच, त्याच मार्टमधली, नळीची सायकल माझ्यासाठी आली. तोवर कोणी ती घेतली नव्हती. अक्काचे लग्न पुढच्याच वर्षी झाले.

बिहारमध्ये 2006 पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी 2000 रुपये देऊ लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास करून 2017 मध्ये छापला : माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढले. तो आकडा मी वाचला त्या दिवशी पतसंस्थेतली खतावणी तशीच उघडी राहिली होती.

आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. शाळा पाच किलोमीटरच्या आत असावी लागते, लांबच्या मुलींसाठी निळ्या एस.टी. गाड्या आहेत. सायकलीची रक्कम आधी 3500 होती, 2022 मध्ये ती 5000 झाली. अक्काच्या नातीला गेल्या वर्षी अशी सायकल आली. पुढे टोपली, नळी खाली वाकवलेली, जांभळा रंग. सहा महिन्यांत मागच्या हबचे छर्रे गेले. गावातल्या पंक्चरवाल्याच्या पेटीत त्या मापाचे छर्रे नव्हते. त्याच्याकडे अजून 28 बाय दीडचाच माल आहे, आणि आता गावात चोवीस इंची, सव्वीस इंची, जाड टायरच्या, पातळ टायरच्या अशा नाना मापांच्या सायकली फिरतात. मोठ्या स्वस्त बाजारांत आणि फोनवरून मागवलेल्या खोक्यांत कोणते माप येईल याचा नेम नाही. किंमत अण्णांच्या काळाशी ताडून पाहिली तर आजची सायकल कितीतरी स्वस्त आहे. तिचा छर्रा मात्र महाग, कारण तो आणायला तालुक्याला जावे लागते आणि एक दिवस शाळा बुडते. 2025 च्या 22 सप्टेंबरपासून सायकलीवरचा जी.एस.टी. 12 वरून 5 टक्क्यांवर आला. करोडगिरीचा दर पुन्हा आला म्हणून मी एकटाच हसलो.

कपडे मात्र खरेच स्वस्त झाले आहेत. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या मोडत गेल्या, भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर कृत्रिम धाग्याचे कापड वाहू लागले, तिरुपूरचे होजिअरीचे कपडे खेड्यांपर्यंत आले. आमच्या आठवडी बाजारात आता ताडपत्रीवर ट्रॅकपँटचे ढीग असतात. ढाक्याजवळ साभारला 24 एप्रिल 2013 रोजी राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक कामगार गेले, तेव्हा तिथे शिवले जात होते ते युरोपातल्या स्वस्त दुकानांचेही कपडे. भाच्याला मी हे सांगितले नाही. बिचाऱ्याने हौसेने आणले होते.

जाकीट आणि दिवे पंचवीस युरोचे. भाऊबीजेच्या दिवशी अक्काने रुपये विचारले. "बावीसशेच्या वर," तो म्हणाला. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजी आपल्या पोरीची अर्धी सायकल की रं."

जाकीट मला आखूड झाले, ते नातीने घेतले. दिवेही तिच्याच सायकलीला लावायचे ठरले, शिकवणीहून येताना तिला अंधार होतो. पण दिव्याची कडी जर्मनीच्या हँडलच्या मापाची, टोपलीमुळे ती बसेना. पंक्चरवाल्याने जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी कापली, दोन वेढे दिले आणि दिवा घट्ट बांधला. पैसे विचारले तर मान हलवली.