खाली पडलेला चिमटा

परवा इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात गेलो होतो. सिस्टरच्या हातून सुई खाली पडली. तिने ती टाकून दिली, नवी काढली, बाटलीवरचं नाव पुन्हा वाचलं आणि बॅच नंबर वहीत लिहिला. रांगेतले एक गृहस्थ पुटपुटले, "किती वेळ लावतात!" मला मात्र मुल्कोवाल आठवलं.

हाफकिन हे नाव आपल्याला परळच्या संस्थेमुळे ठाऊक असतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे लाखो लोकांना ती मिळाली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी (आता ते पाकिस्तानात आहे) पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच बाटलीतले, क्रमांक ५३-एन. ठपका आला तो मुंबईच्या प्रयोगशाळेवर. हाफकिन निलंबित झाले.

खरी गोष्ट अशी, की बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकमध्ये नुसता बुचकळला आणि वापरला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात. ते एवढ्याने मरत नाहीत. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी बाजू घेतली आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. संस्थेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, असे पाच नियम आज परिचारिकांना शिकवतात. मुल्कोवालला हे पाचही पाळले गेले असतील. तरी १९ माणसं गेली! हात आणि हत्यार स्वच्छ नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. आणि बाटलीचा क्रमांक नोंदलेला नसता, तर दोष पाचही बाटल्यांवर गेला असता. सत्य सापडलं ते त्या एका नोंदीच्या आधाराने.

त्या मदतनिसाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढेही रांग असेल, रांगेत कोणी पुटपुटतही असेल. घाई बहुधा रांगेतूनच सुरू होते.

उठताना सिस्टरला म्हटलं, "असाच वेळ लावत जा." ती हसली. गृहस्थ मात्र घड्याळच बघत होते.