फोर्ट ऑगस्टसचा शोध

गणपतीची सुट्टी संपली आणि मी नववीच्या वह्या तपासायला घेतल्या. विषय होता, ‘आपल्या गावचा इतिहास’. एका चिरंजीवांनी लिहिले होते, ‘सिंधुदुर्ग किल्ल्याला इंग्रजांनी फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. तो एका सरोवराच्या काठी असून सरोवरात एक भयंकर प्राणी राहतो.’ वाचकहो, आमच्या वर्गाच्या खिडकीतून भर समुद्रातला तो तट दिसतो! बोलावून विचारले, तर शांतपणे म्हणाला, “गुरुजी, मोबायलार तसाच आसा.”

रात्री मी स्वतः इंटरनेटवर ते नाव घातले. पोर खोटे बोलले नव्हते. स्कॉटलंडात लॉक नेस सरोवराच्या काठी फोर्ट ऑगस्टस नावाचे गाव आहे आणि तिथल्या प्राण्याची दंतकथा जगभर गाजलेली. तिच्यापुढे आमच्या किल्ल्याला कोण विचारतो? बरे, ‘सिंधुदुर्ग’ घालावे, तर आधी होडीचे दर, मग लॉज, मग समुद्रात बुडी मारण्याचे भाव. त्याखाली १६६४ साली बांधकाम सुरू झाल्याची तीच चार वाक्ये, एकाने दुसऱ्याची उतरून घेतलेली. परीक्षेत नक्कल करणारी आमची मुले निदान एखादा शब्द तरी बदलतात! दहा-बारा वर्षांपूर्वी कुणा नादिष्टाने हौसेने चढवलेले जुने कागद पहिल्या पाना-दोन पानांत भेटत. आता ते तळाशी गेले, आणि सर्वांच्या वर यंत्रच मोठ्या ऐटीत स्वतःचे उत्तर देते.

मला हवा तो मजकूर मिळाला, पण मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, १८८० सालचा, हे नाव आधीच ठाऊक होते म्हणून. त्याची पाने इंटरनेटवर आहेतच. नुसती ‘मालवण’ म्हणून हाक मारली, तर ती ओ देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला शेजारी बसवून ते पान वाचले. १७६५ साली इंग्रजांच्या कंपनीने किल्ला घेतला आणि त्याचे फोर्ट ऑगस्टस केले. पण ठेवणे परवडेना, म्हणून पावणेचार लाखांवर रुपये ठरवून तो कोल्हापूरकरांना परत केला. आमच्या गडाचा हा व्यापारी हिशेब ऐकून पोराचे डोळे विस्फारले. १८१२ मध्ये मात्र मालवण कोल्हापूरकरांच्या हातून गेले ते गेलेच.

“गुरुजी,” तो म्हणाला, “पण ह्या पुस्तकाचा नाव माका कसा कळतला असता?”

मी त्याची वही ओढली आणि खोडलेल्या वाक्याशेजारी खंडाचे नाव लिहून दिले.